पडद्याआडून आलेले हात

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला भोळी म्हणायला नको — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. सगळा संसार तुळजापूर तालुक्यात, जळकोटात झाला. घुमणाऱ्या बाया पाहिल्या, अंगारे-धुपारे पाहिले, तिकाटण्यावर उतरून टाकलेली लिंबंही पाहिली. एकदा तर तसलं एक चांगलं रसरशीत लिंबू उचलून आणून मी त्याचं सरबत केलं होतं. आमच्या आत्याबाईंनी — म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची — दिवसभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मला काही झालं नाही, सरबत मात्र झकास झालं होतं.

तर तुमच्या या सदरात लोक हडळी न् चकवे न् पांढऱ्या लुगड्यातल्या बायांबद्दल लिहितात, ते मी जेवण झाल्यावर हसत हसत वाचते. पण गेल्या अंकातलं वाचता वाचता सुनेनं विचारलं, "आई, तुम्हाला नाही का कधी असला अनुभव आला?" आणि मी नाही म्हणायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. कारण एक गोष्ट घडलीय... भरदिवसा, माणसांनी खच्चून भरलेल्या बसमध्ये. आणि ती माझ्याच हातून घडलीय, त्यामुळं कुणी दुसऱ्यानं सांगितलेली म्हणून झटकताही येत नाही.

महायुद्ध चालू होतं त्या वेळची ही हकिकत. आमच्याकडं निजामाचं राज्य. मी माहेरची सोलापूरची, म्हणजे इंग्रजी मुलखातली, त्यामुळं मराठी शाळा शिकलेली; लग्न होऊन जळकोटात आले तर इथं शाळा-कचेरी सगळं उर्दूत. घर आमचं लिंगायताचं, कापडाचं दुकान, आणि बोलणं निम्मं मराठी निम्मं कानडी. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहायला लावून बसू झाला. बसवराज. गालाला खळी, जावळ असं दाट की आत्याबाई म्हणायच्या, "यप्पा, हे तर टोपी घालूनच आलंय!"

पण बसूचा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला होता. तळवा पाहावा तर जमिनीकडं नाही, दुसऱ्या पायाकडं तोंड करून. सुईणीनं तेल चोळून पाहिलं, वैदूनं काड्या बांधून पाहिल्या, पोर नुसतं कळवळायचं. मग ह्यांचे मावसभाऊ सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात होते, त्यांनी निरोप धाडला, की हैदराबादेत नदीकाठच्या मोठ्या दवाखान्यात असले पाय प्लास्टर घालून सरळ करतात. मात्र लेकरू तान्हं असतानाच आणायला पाहिजे, एकदा हाडं धरली की मग काही होत नाही.

झालं, माझ्या डोक्यात तेच बसलं. आत्ता नाही सुधारला तर जन्माचा लंगडा. आणि गाव कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको — एकदा नाव पडलं की बापानं ठेवलेलं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. ते नाव पडायच्या आत हा पाय सरळ व्हायला पाहिजे, एवढंच मला दिसत होतं. तोवर पाय कुणाला दिसू द्यायचा नाही म्हणून मी त्याला कमरेपासून खाली कायम दुपट्यात गुंडाळून ठेवायची, आणि आत्याबाईंच्या हातचं न्हाऊ-माखू सोडलं तर कुणाच्या म्हणजे कुणाच्या हातात द्यायची नाही. ह्यांच्याही नाही. ते तर पोराला असं उचलायचे की जणू हरभऱ्याचं पोतं. मी ओरडले की म्हणायचे, "अगं, माझंच आहे ना?"

बसू पाच महिन्यांचा झाला तसे आम्ही निघालो. मोटारीनं सोलापूर, तिथून आगगाडी, वाडीला गाडी बदलायची. ह्यांनी पुरुषांच्या डब्यात सामान धरून बसायचं, मी जनान्या डब्यात. मी माझं जुनं लुगडं दोन फळ्यांना बांधून झोळी केली आणि बसूला निजवलं. थोड्या वेळानं समोरची बाई म्हणाली, "माझ्या पोरीला जरा टाकू का यात?" मग तिच्या शेजारणीचं पोर. वाडी येईपर्यंत त्या झोळीत डब्यातली सगळी तान्ही पाळीपाळीनं झोपून उठली, आणि शेवटी कुठल्या पोरानं झोळी ओली केली यावरून आम्हा बायांत हसून हसून पुरेवाट झाली. सगळ्यांनी एकमेकींची पोरं घेतली, खेळवली. बसूला मात्र मी कुणाकडं दिलं नाही. "रडका आहे हो," म्हणायची.

सिकंदराबादला मावसभावाची एक खोली, पुढं पडवी. त्या जाऊबाईंनी पडवीत दोरी बांधून दिली आणि त्यावर बसूचे लंगोट वाळत पडले, रेल्वेच्या धुरानं ते दुपारपर्यंत करडे व्हायचे. शहर बघून मी तर बावचळूनच गेले. सायकली काय, टांगे काय, मोटारींचे भोंगे काय! रस्ता ओलांडताना मी ह्यांच्या कोटाचं टोक धरायची. बसूला मात्र कशाचंच काही नाही. भोंगा वाजला की मान तिकडं, घोडं खिंकाळलं की मान इकडं. "हा तर इथलाच दिसतोय," हे म्हणाले, "आपण दोघंच खेडवळ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याला निघालो. सिकंदराबादहून अफझलगंजला बस जायची, मोठ्या तळ्याच्या बांधावरून. तेव्हा त्या बसमध्ये पुढं बायांची जागा आणि मागं पुरुषांची, आणि मध्ये छतापासून खालपर्यंत जाड हिरवा पडदा. पडद्याच्या मधोमध चीर. बायांनी पुढच्या दारानं चढायचं, पुरुषांनी मागच्या. चढण्याआधी मी ह्यांना बजावून सांगितलं, "बरोब्बर पडद्याच्या मागं उभे राहा, लांब जाऊ नका." ते म्हणाले, "व्हय व्हय, चढ तू."

मला पडद्याला लागूनच जागा मिळाली. बस भरली, उकाडा असा की जीव नकोसा. आणि बसूनं सूर लावला. आधी कुरकुर, मग रडणं, मग ते तसलं रडं की पोराचा श्वास वरच्या वर अडकतो न् ओठ निळे पडतात. अंगावर घेतलं तर घेईना. पाठ थोपटली, फुंकर घातली, काही नाही. शेजारी एक म्हातारी मुसलमान बाई होती, बुरख्याची जाळी वर टाकून हातपंख्यानं आम्हा दोघांना वारा घालत होती बिचारी. म्हणाली, "अगे बेटा, बच्चे को कायकू इत्ता लपेटी? पाँव खुले छोड ना, हवा लगने दे." मी म्हटलं, "नक्को नक्को," आणि दुपटं उलट आणखी घट्ट केलं. पोर तर आता काळंनिळं होऊ लागलं. माझ्या हातात बळ राहिलं नाही, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. वाटलं, आता हे आपल्या हातून पडतंय.

तेव्हा मी पहिल्यांदाच आपणहून पोर दुसऱ्याच्या हातात द्यायचं ठरवलं. पण हाक मारायची कशी? नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायची आमच्यात सोय नव्हती. मी पडद्याकडं तोंड करून म्हटलं, "अहो... याला घेता का जरा?"

लगेच पडद्याच्या चिरेतून दोन हात आले. तळवे वर, दोन्ही जोडून, प्रसाद घ्यावा तसे. मी बसूला त्यावर ठेवलं. एका हातानं आधी डोकं धरलं, मानेखाली बोटं नीट पसरली, मग दुसरा हात पाठीखाली. इतकं अलगद, की मला वाटलं — आज शहाणपण आलं वाटतं स्वारीला! पोर पडद्याआड गेलं आणि त्याच क्षणी रडं थांबलं. थांबलं म्हणजे कसं, मध्येच कापल्यासारखं.

बस तळ्याच्या बांधावर आली. गार वारा सुटला, मी डोळे मिटून बसले. पडद्यापलीकडून गुणगुण ऐकू येत होती. शब्द नव्हते, किंवा मला कळले नाहीत, नुसता सूर... कानडी म्हणावं तर कानडी नव्हे, उर्दू म्हणावं तर तेही नाही. आणि त्यावर बसू हसत होता. गालातल्या गालात नाही, चांगला खिदळत होता, पोटातून, जसं तो तोवर कधी हसलाच नव्हता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हे गातात हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. म्हातारी मला कोपरानं ढोसून म्हणाली, "मियाँ अच्छे मिले तेरेकू." मी लाजले, पदर तोंडावर घेतला. अफझलगंज येऊन बस थांबेपर्यंत ती गुणगुण चालू होती.

मी पुढच्या दारानं उतरले, हे मागच्या. त्यांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री.

मी विचारलं, "बसू कुठंय?"

"म्हणजे? तुझ्यापाशी."

"अहो, चेष्टा पुरे! तुम्हीच घेतलंत की मघाशी!"

"म्या?" त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. "अगं, मी तर शेवटच्या दारापाशी उभा होतो. कंडक्टरनं पिशवीमुळं मागं ढकललं मला. मी कुठं घेतलं?"

त्यावर मी काय ओरडले ते मला आठवत नाही. हे नंतर सांगायचे, की आख्खा चौक थांबला होता. मी बसकडं धावले, पुढच्या दारानं आत शिरले आणि पडदा दोन्ही हातांनी ओढून बाजूला केला. असं करणं म्हणजे केवढं मोठं धाडस, ते आताच्या मुलींना कळायचं नाही. मागून दोन-चार पुरुष ओरडले, कुणीतरी तोंड फिरवलं. मला कुणाची पर्वा नव्हती.

पडद्याला लागून एक बाक होतं. बाकावर बसू पडला होता. एकटा. स्वतःची मूठ चोखत, छताकडं बघत.

मी त्याला उचलून छातीशी धरला आणि तिथंच खाली बसले. कंडक्टर आला, तो माझ्याहून घाबरलेला. म्हणाला, "अम्मा, ये बच्चा इधर कब आया? ये सीट तो टूटी पडी है, सुबू से कोई नै बैठा इसपे." खरंच, बाकाची एक बाजू मोडून खाली झुकली होती. इतक्या गर्दीत ती जागा रिकामी होती ती त्यामुळंच. शेजारी शेरवानी घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी शपथ घेऊन सांगितलं, की ते सिकंदराबादपासून त्या बाकाला टेकून उभे आहेत, पडदा हलला नाही आणि पलीकडचं रडणं थांबल्यावर ना पोराची हुं की चूं, ना कुणाची गुणगुण त्यांनी ऐकली. आता मला सांगा, त्या मोडक्या उतरत्या बाकावर, त्या खाचखळग्यांच्या रस्त्यावर, पाच महिन्यांचं पोर नुसतं ठेवलं तर ते टिकेल का? पहिल्याच धक्क्याला खाली आलं असतं.

हे मागून आले, त्यांनी दुपटं उचललं. दुपटं चौपदरी घडी करून उशीसारखं बसूच्या डोक्याखाली ठेवलेलं होतं. म्हणजे पोर उघडंच होतं, आणि तो पाय सगळ्यांसमोर. मी घाईनं पदरानं झाकायला गेले... आणि थबकले.

त्या वाकड्या पायाच्या तळव्यावर तीट होती. काजळाची, गोल, ताजी.

तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. कपाळाला, गालाला, तळपायाला. पण दृष्ट लागायला आधी वस्तू देखणी लागते ना! आत्याबाई रोज न्हाऊ घातल्यावर बसूच्या डाव्या तळपायाला तीट लावायच्या, उजव्याला नाही. मनात वाईट नव्हतं त्यांच्या. "त्या पायाकडं कोन बघतंय," एवढंच म्हणायच्या. तीच सवय मला लागली. त्या दिवशी सकाळी मी डाव्याच पायाला तीट लावली होती, आणि काजळाची डबी सिकंदराबादला ट्रंकेत ठेवून आले होते. आणि इथं उजव्या पायाला तीट! बोट लावलं तर बोटाला काजळ आलं. हे म्हणाले, "बाकाचं वंगण असंल." मी म्हटलं, "घ्या वास." त्यांनी वास घेतला. तुपात खललेलं काजळ होतं.

रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं बसलो. आधी भांडलो कडाकडा. "तू दिलंसच कसं?" "तुम्ही मागं गेलातच कशाला?" मग ह्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते बघून मला रडू फुटलं, आणि बसू मात्र आम्हा दोघांकडं बघून हसत होता. तिथून दवाखान्यापर्यंत त्याला ह्यांनी घेतलं. मी दिलं. आणि पाय झाकला नाही. का ते विचारू नका, झाकावासाच वाटला नाही.

डॉक्टर भले गृहस्थ होते. पाय हातात घेऊन इकडं तिकडं वळवून म्हणाले, वेळेवर आणलंत, पण दर थोड्या दिवसांनी प्लास्टर बदलायला यावं लागेल. नर्सबाई ओल्या बोळ्यानं पाय पुसायला लागल्या तशी मी म्हटलं, "बाई, तेवढं तळव्याचं राहू द्या." त्यांना कळेना. डॉक्टर हसले, म्हणाले, "रहने दो." आणि तीट आत ठेवूनच वरून प्लास्टर चढलं.

घरी आल्यावर आत्याबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता उतारे निघणार, मांत्रिक येणार, आणि माझं त्यांच्याशी वाजणार. पण तसलं काही नाही. बसूला मांडीवर घेऊन तो पांढरा चुन्यासारखा पाय कुरवाळत बसल्या. सकाळी पोराला पुसून काढलं, डाव्या पायाला तीट लावली, आणि मग बोट पुन्हा डबीत घालून प्लास्टरवर ही एवढी थोरली तीट ओढली.

मी हसले. म्हटलं, "आत्याबाई, प्लास्टरला कोण दृष्ट लावणार?"

"तू गप," त्या म्हणाल्या, आणि आवाज ओला झाला त्यांचा. "लई देखना पाय हाय माझ्या कूसूचा, माझ्या लेकराचा. लागती दृष्ट."

त्यानंतर आम्ही किती खेपा केल्या ते सांगता यायचं नाही. दुसऱ्याच खेपेला मी मुद्दाम पडद्याला टेकून बसले. तळ्याचा वारा लागला तसं हळूच म्हटलं, "अहो..."

पडदा लगेच हलला. दोन हात आत आले. बोटात आमच्या लग्नातली अंगठी... ह्यांचेच हात होते. ह्यांनी आता कंडक्टरशी भांडून पडद्यामागची जागा धरली होती. मला हायसं वाटलं — आणि खोटं कशाला बोलू, जरा हिरमुसलेसुद्धा. पण ह्यांनी पोराचं डोकं आधी धरलं, मानेखाली बोटं पसरली, आणि ते प्लास्टरचं पाऊल तळहातावर असं जपून घेतलं, की मी बघतच राहिले. मग पलीकडून गाणं सुरू झालं. इतकं बेसूर, की आख्खा जनाना खुसुखुसु हसला.

बसूचा पाय सरळ झाला. अगदी दुसऱ्यासारखा नाही, थंडीत जरा ओढून चालतो, पण गावानं त्याला त्याच्या नावानंच हाक मारली. आता त्याला नातवंडं आहेत. विचारलं तर म्हणतो, "आई, मला काय आठवणार!" हे असेपर्यंत म्हणत राहिले, की उकाड्यानं तुला भोवळ आली, तूच पोराला पलीकडं ठेवलंस. मग काजळाचं काय, म्हटलं की पान लावायला घ्यायचे. माझा धाकटा मुलगा शिकलेला, तो म्हणतो कुणीतरी भला प्रवासी असेल, मध्येच उतरून गेला असेल. मग गुणगुण शेवटपर्यंत कशी येत होती, आणि ती ऐकली फक्त आम्ही पडद्याच्या अलीकडच्यांनीच कशी?

ते हात कुणाचे होते, बाईचे की पुरुषाचे, जिवंत माणसाचे की आणखी कुणाचे, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचीन. मात्र ते भूत होतं, काहीतरी वाईट होतं, असं कुणी लिहू नका. माझ्या लेकराच्या त्या पायाला दृष्ट लागेल अशी भीती आम्हा घरच्यांच्याही आधी ज्यांना वाटली, ते हात वाईट नव्हते. एवढ्यावर मात्र मी कुणाशीही भांडायला तयार आहे.